आधी हात तापव

कुणी चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून, न पिता, नुसतं बसलेलं दिसलं की मला आजही राहवत नाही. माझ्या सुनेला नेमकी तीच सवय आहे. बिचारी टीव्ही बघत पेला धरून बसते आणि मी उगाच खेकसते, की बाई, पी नाहीतर ठेव खाली. तिला वाटतं सासू खाष्ट आहे. आहेच मी खाष्ट, पण ह्या एका बाबतीत दोष माझा नाही. तो आमच्या बेनचा.

सुरतेत कुठल्याही बाईला बेन म्हणतात, त्यामुळे आमच्या नर्सिंगच्या शाळेत बेन पैशाला पासरी. पण 'बेन आल्या' असं नुसतं कुणी कुजबुजलं की समजायचं, त्याच. शरीरशास्त्र आणि रोग्याची तपासणी शिकवणाऱ्या सिस्टर ट्यूटर. मूळच्या अकोल्याकडच्या, पण पंचवीस वर्षं सुरतेत काढलेली. उंची बेताची, अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या, आणि हातात कायम स्टीलचा पेला. पेल्यात कधी चहा, कधी नुसतं कढत पाणी. मे महिन्यात आम्ही घामानं निथळत असतानासुद्धा. गंमत म्हणजे त्यातला एक घोट त्या कधी घ्यायच्या नाहीत. गार झाला की मोरीत ओतायच्या आणि नवा भरून आणायच्या. पहिलं वर्षभर आम्ही पाळत ठेवली होती, पण त्यांना पिताना कुणीच पाहिलं नाही.

एरवी त्या शुद्ध बोलायच्या, पुस्तकातल्यासारखं. चिडल्या की वऱ्हाडी सुरू व्हायचं. त्यामुळे वर्गात 'काऊन वं' एवढं ऐकू आलं तरी बावीस पोरींच्या माना खाली जायच्या.

पेला कशासाठी, ते दुसऱ्या वर्षी कळलं. पुरुषाच्या जननेंद्रियांचा धडा आला. आमच्या आधीच्या मुलींना तो 'घरी वाचून या' असा शिकवला गेला होता. घरी म्हणजे कुठे, ते तेव्हाच्या ट्यूटरनं सांगितलं नव्हतं. माझं घर लिंबायतला, एक खोली, वडील लूमवर, तीन भाऊ. तिथं मी ते पान उघडणार होते होय. बेननी मात्र वर्गाचं दार लावलं आणि कपाटातून 'भाऊ' बाहेर काढले.

भाऊ म्हणजे कापडाचा माणूस. कमरेपासून गुडघ्यापर्यंतच. बाजारातल्या कटपीसचा शिवलेला, आत लूमच्या चिंध्या ठासलेल्या. मधोमध एक सैल बटवा आणि बटव्यात दोन सुपाऱ्या. बटव्यापासून वर, जांघेत, कापडाची एक अरुंद नळी शिवलेली आणि त्यातून एक दोरा पार मागे गेलेला. अंगावर स्वच्छ चादर. बेननी त्यांना टेबलावर निजवलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला सांगितलं, भाऊंची परवानगी घे.

ती फिस्सकन हसली. बेननी भाऊंना उचललं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, आणि तो तास आम्ही उभ्यानं काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लागलं, पुन्हा भाऊ आले. मग मात्र एकेक पोरगी पुढे जाऊन त्या चिंध्यांच्या गाठोड्याला गंभीरपणे सांगू लागली, की भाऊ, मी तुम्हाला तपासणार आहे, दुखलं तर सांगा, हात लावू का. चादर हवी तेवढीच दूर करायची. आधी डोळ्यांनी पाहायचं, सूज आहे का, रंग कसा, डावं जरा खाली असतं तो दोष नव्हे. मग अंगठा आणि दोन बोटांत धरून हळूच, पुढून मागे. एका सुपारीवर त्यांनी मेणानं तांदळाचा दाणा चिकटवलेला असायचा. तो जिला सापडला नाही तिनं पुन्हा परवानगीपासून सुरुवात करायची.

पण त्याही आधी बेन प्रत्येकीचा हात आपल्या हातात घ्यायच्या. गार लागला की दुसऱ्या हातानं मागचा दोरा ओढायच्या. बटव्यातली सुपारी सर्रकन नळीतून वर जांघेत जायची. आणि म्हणायच्या, गेलं, आता शोध. गार हात लागला की तिथला स्नायू आखडतो आणि वृषण वर ओढलं जातं. मोठ्या माणसात थोडं, लहान पोरात तर पार जांघेत जाऊन बसतं. "तुम्ही गार हातानं चाचपता, सापडत नाही, आणि खुशाल लिहून टाकता 'नाही'. ते बिचारं वर बसून तुमचा हात जायची वाट पाहत असतं. आधी हात तापव, मग तोंड उघड." तेव्हा कुठे आमच्या डोक्यात पेल्याचा उजेड पडला. बेनचे हात जन्माचे गार होते. पहिल्याच नेमणुकीत एका म्हाताऱ्या पेशंटनं त्यांच्या गार हातापायी त्यांना अशी काही शिवी हासडली होती, की तेव्हापासून पेला सुटला नाही. हे त्यांनीच सांगितलं, शिवीसकट.

शब्दांच्या बाबतीत तर त्या सोवळ्यातल्या बाईपेक्षा कडक. 'खाली', 'तिकडे', 'तसलं' म्हटलेलं चालायचं नाही. वृषण म्हणा, नाहीतर पेशंट जो शब्द वापरतो तो म्हणा, पण नाव घ्या. आणि सगळ्यात मोठी बंदी 'नाही'वर. आपल्या कामात नुसतं 'नाही' नसतं, असं त्या म्हणायच्या. एक तर 'मला सापडलं नाही' असतं, किंवा 'अजून नाही' असतं. आम्ही मागे नकला करायचो. जेवणात मीठ नसलं की ओरडायचो, मीठ मला सापडलं नाही.

एकदा एक लूमचा जुना कारागीर आला होता, पन्नाशीचा, मराठवाड्याकडचा. तक्रार काय तर 'अवघडल्यासारखं होतं'. तीन दिवस वॉर्डात पडून, पण कुणाला चादर उचलू देईना. ब्रदरलाही नाही, डॉक्टरलाही नाही. जवळ गेलं की भिंतीकडे तोंड करायचा. बेन गेल्या, पडदा ओढला आणि पडद्याच्या बाहेर, त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, मी बघत नाही, हात लावत नाही, हात तुमचेच. मी सांगते तसं तुम्हीच बघा. मग बाहेरून त्या सांगतायत आणि आतून तो भीत भीत उत्तर देतोय. उजवं कसं लागतं? बरं लागतं. आता डावं, तसंच. पलंग करकरला. मग आतून आवाज आला, की बेन, इथं खडा लागतो, दुखत मात्र नाही. बेननी डोळे मिटले. दुखत नाही म्हणजे उलट काळजीचं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. त्याच संध्याकाळी त्यानं आपण होऊन डॉक्टरांना दाखवलं. आठवड्यात ऑपरेशन झालं, वेळेत झालं. जाताना तो बेनच्या पाया पडायला आला तर ह्या म्हणाल्या, माझ्या कशाला, शोधलं तुम्ही.

एवढं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. भाऊंची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले होते, तांदळाच्या दाण्यासकट. म्हणजे अडाणीपणानं चुकले असं म्हणायची सोय नाही. मेली माझी जीभ, दुसरं काय.

जानेवारी होता. मी बाळंतिणींच्या वॉर्डात होते. सकाळी मेणकापडं धुवायची पाळी माझी, टाकीचं पाणी बर्फ. धुणं आटोपलं तशी स्टाफ सिस्टर म्हणाली, सात नंबरला घरी सोडायचं आहे, बाळाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी उरक. सात नंबर म्हणजे सुनंदा. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, तीन दिवसांत कुणाशी चार शब्द बोललेली नाही. बाळ मुलगा. शेजारी तिची सासू केवळबाई, अमळनेरकडच्या. हे ऐकून मला गावाकडचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी हात पुसले. पुसले म्हणजे कोरडे केले, तापवले नाहीत. टाळू, टाळा, छाती, नाळ बघत खाली आले. उजवं लागलं. डावं लागेना. पुन्हा बघितलं, लागेना.

केवळबाई वाकून बघत होत्या. विचारलं, समदं चांगलं शे ना माय? वॉर्डात कुणी पहिल्यांदा माझ्याशी माझ्या घरच्या अहिराणीत बोललं होतं. गुजरातीत किंवा पुस्तकी मराठीत मला सगळे शब्द येत होते. आमच्या बोलीत मात्र ह्या गोष्टीचा मला कुणी शब्दच दिला नव्हता, गल्लीतल्या पोरांचा होता तेवढाच. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "एकच गोटी शे. दुसरी नही."

केवळबाईंनी दुपटं ओढून बाळाला झाकलं. सुनंदा आधी माझ्याकडे बघत राहिली, मग सासूकडे. मी कागदावर 'डावे नाही' असं लिहिलं, सिस्टरनं घाईत सही मारली आणि तासाभरात ते लोक गेले. खोटं कशाला सांगू, मला दुपारी भूक लागली आणि मी व्यवस्थित जेवले.

रविवारी आई हॉस्टेलवर भेटायला आली. भाकरी, ठेचा आणि गल्लीच्या बातम्या. बोलता बोलता म्हणाली, की पलीकडच्या चाळीत केवळबाईच्या नातवाचं बारसं मोडलं. पोरगं अर्धं जन्मलं म्हणे. दोष सुनेच्या पोटाचा, म्हणून मंगळवारच्या सकाळच्या गाडीनं तिला पोरासकट दोंडाईचाला माहेरी धाडतायत. बाळंतपणाला नव्हे, कायमचं. मुलगा भटू सचिन गावातल्या डाइंगच्या कारखान्यात आहे, तो आईपुढे तोंड उघडत नाही. म्हातारीला भीती की मासीबा, म्हणजे तृतीयपंथी, नाचायला आल्या आणि त्यांना कळलं तर पोराला घेऊन जातील. त्या बिचाऱ्या कशाला नेतायत कुणाचं पोर, पण भीतीला कोण समजावणार. आणि शेवटी आई म्हणाली, कुणा नर्सनंच तोंडावर सांगितलं म्हणे, कोण मेली होती देव जाणे.

भाकरीचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. समोर आई बसलेली, आणि ती मेली मीच, हे मला तिला सांगता आलं नाही.

सोमवारी सकाळी बेनच्या खोलीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरले. सांगितलं तर शाळेतून नाव काढतील ही एक भीती, आणि न सांगितलं तर उद्या सकाळी ती गाडी सुटेल ही दुसरी. आत गेले आणि सगळं भडाभडा ओकले. बेननी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. संपल्यावर दोनच विचारले. हात कसे होते? गार, मी म्हणाले. काय बोललीस ते जसंच्या तसं सांग. मी सांगितलं. पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"तुले कोनं सांगतलं नाही म्हनून? पोटात जाऊन पाहून आली काय?"

मला वाटलं आता कानाखाली बसते. त्याऐवजी त्या उठल्या, गरम पाण्याची रबरी पिशवी काढली, साबणाची वडी रुमालात गुंडाळली आणि पेला उचलला. मला घेऊन रिक्षा केली. रिक्षात फक्त म्हणाल्या, की खरंच नसेल तर तेही आपणच सांगायचं, पण चाचपून.

केवळबाईंची खोली लूमच्या शेडला लागून. मधे एक भिंत. खटाखट खटाखट इतकी, की ताटातला चमचा हलायचा. तिथल्या लोकांना सवय असते, ते एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. आम्हाला ओरडावं लागत होतं. जी गोष्ट कानात सांगायची, ती बेन दारात उभ्या राहून ओरडून सांगत होत्या, की पोराला परत तपासायला आलोय, आमची चूक असू शकते. केवळबाई दारातून हलेनात. आत भटू पाळी संपवून आलेला, हाताला निळा रंग, भिंतीला टेकून बसलेला. कोपऱ्यात पत्र्याची पेटी, कडी लावलेली. तिच्याशेजारी सुनंदा बाळाला घेऊन. उद्याची तयारी झालेली होती.

बेन सासूला वळसा घालून सरळ सुनंदासमोर खाली बसल्या. लेकरू तुझं, बघू का, म्हणून विचारलं. तिनं सासूकडे बघून अर्धवट मान हलवली. बेन म्हणाल्या, अर्धी मान चालत नाही, शब्द पाहिजे. मी मनात म्हणतेय, बेन, हे भाऊ नाहीत हो, वेळ बघा. पण त्या ढिम्म. शेवटी सुनंदा म्हणाली, देखा. लूमच्या आवाजात ऐकू आलं नाही, ओठ दिसले.

दार लावलं. स्टोव्ह पेटवायला सांगितला, पाणी ठेवलं. पिशवी बाळाच्या पाठीखाली, फडक्यात गुंडाळून. पेल्यात कढत पाणी भरलं आणि मला वाटलं आता बेन हात तापवतील. त्यांनी पेला माझ्या हातात दिला. 'नाही' तू म्हणालीस, शोधायचं तूच. मी धरला. चटका बसत होता तरी सोडला नाही. मग त्यांनी माझा पालथा हात स्वतःच्या गालाला लावून पाहिला, पुन्हा पेला धरायला लावला, पुन्हा पाहिला आणि मान हलवली.

बाळाचे पाय बाहेरच्या बाजूला सैल सोडले. डावा हात कमरेच्या हाडाजवळ ठेवून बोटं जांघेतून हळूहळू खाली सरकवायची, उजवा हात खाली वाट बघत. एकदा सरकवली, काही लागलं नाही. दुसऱ्यांदा, तसंच. केवळबाई डोक्यावर उभ्या. भटू उठून उभा राहिलेला. कपाळावरचा घाम माझ्या डोळ्यांत उतरला, पुसायला हात मोकळा नव्हता. मी बेनकडे बघितलं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. साबण लाव, म्हणाल्या. बोटं साबणाच्या पाण्यात भिजवली. तिसऱ्यांदा बोटाखालून काहीतरी निसटलं. हिरव्या वाटाण्याएवढं. मी पुन्हा वरून सुरुवात केली. लागलं. बोटाखाली होतं, खरोखर होतं. अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या बोटांबरोबर खाली आलं आणि तिथं अडलं, बटव्यापर्यंत काही येईना.

आवाजावर आवाज चढवायचा म्हणून मी जीव खाऊन ओरडले, "शे! दुसरी बी शे!" आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. शेडमधले सगळे लूम एकदम थांबले. माझं ते 'शे' उघड्या अंगणातून चाळीच्या दोन्ही टोकांना गेलं असणार. बाहेर कुणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बोट मी काढलं नाही.

त्या शांततेत बेननी स्वतः चाचपून खात्री केली. मग भटूला विचारलं, तुम्ही सुरतेला कसे येता? तो गोंधळला. म्हणाला, भुसावळ पॅसेंजरनं. बेन म्हणाल्या, मग ऐका. पोर आईच्या पोटात असतं तेव्हा ही दोन्ही वर, मूत्रपिंडाजवळ तयार होतात. ते भुसावळ समजा. तिथून खाली यायला निघतात, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सुरतेला पोचतात. तुमच्या मुलाचं एक पोचलं. दुसरं बारडोलीला थांबलंय, सिग्नल मिळाला नाही.

"गाडी लेट आहे. रद्द नाही. आणि ह्यात ना आईचा दोष, ना बापाचा."

बऱ्याचदा पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतं, त्या म्हणाल्या. वर्षभरात नाही उतरलं तर सर्जन छोट्या ऑपरेशननं उतरवून घेतात, ते मात्र टाळायचं नाही. तोवर दर महिन्याला आणून दाखवायचं, आणि हीच मुलगी बघेल, कारण चूक हिची. गावी धाडलंत तर तिथं दर महिन्याला कोण बघणार? केवळबाई कितीतरी वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. मग विचारलं, "मन्हा नातू अर्धा नही ना?" बेन म्हणाल्या, अर्धं ह्या पोरीचं बोलणं होतं, नातू पुरा आहे. केवळबाई एवढंच म्हणाल्या, वरीसभर देखू. त्यांचं म्हणून होईपर्यंत सुनंदानं कुणाला न विचारता पेटीची कडी काढली होती. बाळाची दुपटी बाहेर काढून ती एकेक करून दोरीवर टाकू लागली.

परतताना रिक्षात मी रडत होते. बेननी पेला मांडीवर ठेवला होता, रिकामा. उधना दरवाजा आला तेव्हा त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्या हातून असंच झालं, तेव्हा मी गेले नव्हते." कुठे, कुणाकडे, काय झालं होतं, मी विचारलं नाही. विचारायची माझी छाती नव्हती. शाळेत पोचल्यावर त्यांनी माझ्याकडून दवाखान्याची प्रत काढवली आणि 'डावे नाही'च्या खाली लिहायला लावलं, 'डावे जांघेत लागते, अजून उतरलेले नाही', तारीख आणि माझं पूर्ण नाव. खाडाखोड करू दिली नाही. आधीचं तसंच राहू दे, लोकांना दिसू दे, म्हणाल्या. माझं नाव शाळेतून निघालं नाही, पण त्या महिन्यात सगळ्या वॉर्डांची मेणकापडं मी धुतली.

दर महिन्याला सुनंदा यायची, बरोबर केवळबाई. मी पेला घेऊन तयार असायची. दुसऱ्या महिन्यात जरा खाली लागलं, गंगाधरा म्हणालो, बारडोलीच्या पुढचं स्टेशन. मग चलथाण. आत शिरता शिरताच केवळबाई विचारायच्या, गाडी कोठे लगून उनी? हसायच्या नाहीत, हिशेब घेतल्यासारखं विचारायच्या. पाचव्या महिन्यात उधना. सहाव्यातही उधनाच. सुरत समोर दिसतंय आणि गाडी हलेना. त्या दिवशी केवळबाई बाळाला उचलून पुढची तारीख न विचारता निघून गेल्या. सातव्या महिन्यात कुणी आलं नाही.

आठव्यातही नाही. मी आईला चाळीत पाठवलं, तर खोलीला कुलूप. कुणी म्हणालं कडोदऱ्याला गेले, कुणी म्हणालं सून गावी. बेन दर महिन्याच्या त्या तारखेला वर्गात यायच्या, पेला धरून उभ्या राहायच्या आणि सगळ्यांदेखत मला विचारायच्या, उधनावाले आले? मी म्हणायची, अजून नाही. ह्या दोन शब्दांची आम्ही एवढी टिंगल केली होती, आता तेच मला भर वर्गात म्हणावं लागत होतं. रात्री डोळ्यांपुढे ती पत्र्याची पेटी यायची. वर्ष उलटलं. मी तिसऱ्या वर्षाला गेले. सात महिने बेननी एकही तारीख चुकवली नाही.

मग एका सकाळी मी ओपीडीत होते. केसपेपरच्या खिडकीपुढे रांग, निम्मे पुरुष. बेन मुलींची हजेरी बघायला आलेल्या, माझ्या शेजारी उभ्या, हातात चहा. खिडकीतला माणूस रोजच्यासारखा ओरडला, शुं तकलीफ छे? रांगेत पुढे एक बाई होती, पदर डोक्यावरून, पाठमोरी. तिच्या मागे एक म्हातारी, कडेवर वर्षा-सव्वा वर्षाचं गुटगुटीत पोर, तिची बुगडी ओढणारं. म्हातारीनं पुढच्या बाईला कोपरानं ढोसलं, की हळू बोल. त्या बाईनं ऐकलं नाही. लूमशेजारी राहणाऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, मोकळा आवाज काढून ती म्हणाली, "यानी डावी गोटी उतरनी नही. अजून."

रांग वळून बघायला लागली. सुनंदानं मान खाली घातली नाही. खिडकीत वाकून तिनं विचारलं, की वर्षाचं झाल्यावर सर्जनकडे आणा म्हणून बेननी सांगितलं होतं, कुठल्या खोलीत जायचं.

पुढे होण्याआधी मी बेनकडे पाहिलं. त्यांनी पेला तोंडाला लावला होता. सगळा चहा, गार झालेला, एका दमात प्यायल्या. तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, साखर कमी आहे. मग रिकामा पेला माझ्या हातात दिला. गरम भरून आण, म्हणाल्या, पोराला तपासायचं आहे.